पौषातली पावडर

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एक तरी सकाळ अशी उजाडते, की महाबळेश्वर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. फोटो ठरलेला असतो. वेण्णा तलावाच्या जेटीवर पसरलेला पांढरा थर, नाहीतर गाडीच्या टपावरून खरवडलेला ओंजळभर बर्फ हातात धरून, कानटोपीतून जेवढं हसता येईल तेवढं हसणारा एखादा पुणेकर. मथळाही ठरलेला : ‘महाबळेश्वर गोठलं’. त्याच दिवशी आतल्या पानावर हवामान खात्याचा आकडा असतो आणि तो निवांतपणे सहा-सात अंश सांगत असतो. वाचणारा बुचकळ्यात पडतो. खोटं कुणीच बोलत नसतं. निरभ्र रात्री गवतातली, जमिनीतली, गाडीच्या पत्र्यातली ऊब भराभर निघून जाते, गार हवा जड होऊन तलावाच्या खोलगट भागात उतरते आणि तिथलं दव गोठतं. हवामान खात्याच्या तापमापकापर्यंत ही बातमी पोचतच नाही. आभाळातून काही पडलेलं नसतं. सातारकराला हे पक्कं ठाऊक असतं, पण पाहुण्यांसमोर तो बोलत नाही. स्ट्रॉबेरी विकायची असते.

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. म्हणजे थंडीच्या बाबतीत मी खात्यापित्या घरातून तंगीत पडलेली. सांगलीत खरी थंडी बघायची तर एप्रिलमध्ये बघावी, आणि तीही बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दारात. बाहेर चाळीस अंशांत डांबर पाघळत असतं आणि आतून हमाल येतात ते स्वेटर, मफलर, कानटोपी घालून. दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याकडून काडी मागून घेतात, विडी पेटवतात, उन्हात उभे राहून स्वेटरची वरची दोन बटणं सोडतात आणि विडी संपली की बटणं लावून परत आत. तासगावच्या द्राक्षांनी सांगलीला मिळवून दिलेला हा हिवाळा. याखेरीज आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडतो तो, आणि त्याचं पाणी कुठलं असं विचारायची पद्धत नाही.

तेव्हा बर्फ बघायला जपानला जायचं, ही हौस माझी नव्हे, भाचीची. ती टोकियोत निशी-कासाईला राहते. भारतीयांची तिथे चांगलीच वस्ती आहे. याच एदोगावा वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनसुद्धा आले. लोक जपानला जातात ते साकुरा बघायला. भाचीचं म्हणणं, साकुराच्या दिवसांत फुलांबरोबर हॉटेलांचे दरही फुलतात. तुम्ही जानेवारीत या, तुम्हाला पावडर दाखवते. पावडर म्हणजे ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ. त्याच्यावरून घसरायला ऑस्ट्रेलियातली माणसं घरचा उन्हाळा टाकून येतात म्हणे. हौसेला मोल नाही.

बरोबर आत्या निघाली. आत्या ऐंशीच्या घरातली, उंब्रजजवळच्या एका गावची. तिचा पासपोर्ट कुणी, कधी आणि कशासाठी काढून ठेवला होता याचा उलगडा घरात अजून झालेला नाही, पण होता. नऊवारी, त्यावर नातवाचं जर्किन, आणि पिशवीत शेंगदाण्याची चटणी, थालिपिठाची भाजणी, कंदी पेढे आणि पालीच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी. भाजणीपेक्षा भंडाऱ्याला कस्टमवाले हरकत घेतील अशी आम्हाला धास्ती होती. त्यांनी दोन्हीकडे ढुंकून पाहिलं नाही.

टोकियोत बर्फाचा मागमूस नव्हता. निळंभोर आभाळ, कोरडी हवा, उललेले ओठ. ‘‘हे तर दहिवडी झालं,’’ असं मी म्हटलं, आणि पुढे कळलं की हे अगदीच गमतीत काढण्यासारखं नव्हतं. एचिगो-युझावा हे गाव टोकियोहून शिंकानसेनने सव्वा तासावर. ताकासाकी मागे पडलं तरी डोंगर करडे, शेतं मोकळी. मग गाडी दाइशिमिझु बोगद्यात शिरली. हा बोगदा २२ किलोमीटरचा. कानाला दडे बसले, आत्याने जपमाळ काढली, आणि माळ अर्धी व्हायच्या आत गाडी बाहेर पडली तर सगळं पांढरं. छपरं, विजेच्या तारा, उभ्या मोटारी, एका देवळाची कमान, सगळं पुरुषभर बर्फाखाली.

सातारकराला याचं फार नवल वाटायला नको. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या बगलेत ब्रिटिश काळातला बोगदा आहे. जुलैत शहराच्या बाजूला नुसती भुरभुर असते, आणि बोगदा ओलांडून परळी खोऱ्याकडे, ठोसेघरच्या वाटेला लागलं की वायपरला दम लागतो. यासुनारी कावाबाता यांची ‘युकीगुनी’ ही कादंबरी याच युझावात घडते आणि ती सुरू होते तीही बोगद्यातूनच. तो जुना शिमिझु बोगदा, १९३१ साली रेल्वेला खुला झालेला. कावाबातांना १९६८ मध्ये नोबेल मिळालं. सातारच्या बोगद्यावर अजून कुणी कादंबरी लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. लेखक मंडळी बोगद्याच्या अलीकडे चहाला थांबत असावीत.

दोन्ही बोगद्यांमागचं कारण एकच आहे, आणि मला या प्रवासात सर्वांत आवडलेली गोष्ट ही. हिवाळ्यात सायबेरियातून बोचरे, कोरडे वारे सुटतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. तो त्या मानाने उबदार, त्यामुळे वारे पोटभर बाष्प पितात. पुढे मिकुनीचे डोंगर आडवे येतात. वारे वर चढतात, गारठतात, आणि सगळं ओझं अलीकडच्या उतारावर टाकून हलके होऊन पलीकडे उतरतात. पलीकडे टोकियो. तिथे उरतं ते कोरडं आकाश. समुद्राचं नाव अरबी करा, डोंगराचं सह्याद्री आणि महिना जुलै, की झाला सातारा जिल्हा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत, दहिवडीकडे, माणमध्ये, पाचशेसुद्धा मुश्किलीने. शाळेत आम्हाला पर्जन्यछाया शिकवली, आम्ही ती माण-खटावच्या नावाने पाठ केली आणि आमच्याच वाट्याला आलेलं दुर्दैव म्हणून सोडून दिली. टोकियोसारखं शहर डोंगराच्या असल्याच सावलीत बसलंय आणि मजेत आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

या डोंगरावर एका पुढाऱ्याचा डोळा होता. तनाका काकुएई हे या निइगाता प्रांतातले. १९४६ ला पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले ते पडले, १९४७ ला निवडून आले, आणि १९७२ ते १९७४ देशाचे पंतप्रधान होते. त्यांचं सुरुवातीच्या काळातलं आश्वासन जपानात आजही सांगतात : मिकुनीचा डोंगर सुरुंग लावून उडवू, म्हणजे ढग थेट टोकियोकडे जातील आणि निइगातात बर्फ पडायचा थांबेल, निघालेला मुरूम समुद्रात टाकला की सादो बेटही जमिनीला जोडलं जाईल. एका सुरुंगात दोन कामं! असला पुढारी माणमध्ये निघाला असता तर त्याने याच्या बरोबर उलटं सांगितलं असतं : सह्याद्री पाडतो, पाऊस इकडे घेतो. आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. डोंगर दोन्हीकडे शाबूत राहिले. तिकडे १९८२ मध्ये डोंगराच्या पोटातून शिंकानसेन गेली. इकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी पंपाने उचलून खानापूर-आटपाडी-जतच्या बाजूला चढवलं. प्रत्येक निवडणुकीत पुन्हा पुन्हा चढवलं, पण चढवलं.

आता स्कीइंग. युझावात गाला नावाचं स्टेशन थेट रिसॉर्टच्या पोटात आहे. रस्ता लागतच नाही. गाडीतून उतरायचं, तिकिटाचं फाटक ओलांडायचं, समोरच कपडे-बूट-काठ्या भाड्याने घ्यायच्या आणि पाळण्यात बसून वर. मोसम संपला की स्टेशन बंद. सातारच्या माणसाला यातली मुख्य गोष्टच पटत नाही. डोंगर हा चढायचा असतो. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन आल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही अशी माणसं आमच्या गल्लीत आहेत. सज्जनगडाच्या पायऱ्या मोजत चढणं हे पुण्य, उतरणं हा नुसता परतीचा प्रवास. यवतेश्वरच्या घाटात तर २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते आणि लोक पैसे भरून धापा टाकतात. इथे चढण यंत्राच्या गळ्यात आणि उतरणीचे पैसे माणसाकडून. बरं, त्या बुटांविषयी बोलायलाच नको. पाऊल आत गेलं की घोटा सरकारजमा. चालणं या क्रियेशी काही जुनं वैर असल्याखेरीज असा बूट कुणी बनवणार नाही.

जपानला हे वेड लावलं ते थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने. १९११ च्या जानेवारीत याच प्रांतातल्या ताकादा गावी त्याने सैनिकांना स्की शिकवलं, तेही एकाच लांब काठीने. आता काठ्या दोन झाल्या. माझ्या निरीक्षणाप्रमाणे पडण्याच्या प्रमाणात फरक पडलेला नसावा. मला शिकवायला आलेली मुलगी कॉलेजात जाणारी, अत्यंत विनयशील. मी पडले की ती आधी कमरेत वाकून क्षमा मागायची आणि मग उठवायची, जणू उतार तिनेच घातला होता. माझ्याशेजारी बालवाडीतली पोरं टाचा बाहेर आणि चवडे जवळ असा पायांचा कोन करून, हात गुडघ्यांवर ठेवून, कुणाकडेही न बघता सरसर निघून जात होती. त्यातलं एक तर नाक पुसत गेलं.

जाणकारांचं मत असं, की अस्सल पावडर हवी तर होक्काइदोत, निसेकोला जावं. युझावाचा बर्फ जरा ओलसर, अंगाने जड. पण आदल्या रात्री चांगलाच गारठा होता आणि पहाटेपर्यंत पडत होता, तेव्हा आमच्या नशिबी आला तो कोरडाच. त्याचं वैशिष्ट्य आत्याने पहिल्या मिनिटात शोधलं. सिनेमात बघितल्याप्रमाणे गोळा करून नातजावयाला, म्हणजे भाचीच्या नवऱ्याला, मारावा म्हणून तिने ओंजळ भरली, दाबली, तर गोळा होईना. बोटांतून भुरुभुरु निसटून गेला. कोरड्या बर्फात बहुतेक हवाच असते, चिकटायला ओल लागते. आत्याने तळव्यावरची उरलेली पूड फुंकरीने उडवली आणि म्हणाली, ‘‘आगं, ह्यो तर भंडारा. फकस्त हळद घालायची ऱ्हायली.’’

मग पिशवीतली पुडी निघाली. चिमूटभर डोंगराला, चिमूटभर आमच्या कपाळाला, आणि लिफ्टच्या खांबापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाही द्यायला ती निघाली होती, त्याला भाचीने वाचवलं. पांढऱ्यावर ते पिवळं फार उठून दिसत होतं. कर्मचाऱ्याने बराच वेळ त्या डागाकडे बघितलं आणि नियमावलीत काही सापडत नाही असं बहुधा लक्षात आल्यावर मान लववून बाजूला झाला.

भाचीचा नवरा पुण्यातला. त्याने पालीची यात्रा पाहिलेली नाही, म्हणून आत्याने लिफ्टच्या रांगेत त्याचा वर्ग घेतला. पौषात पालीला खंडोबाचं म्हाळसेशी लग्न लागतं. मिरवणूक निघते, माणसांचा समुद्र लोटतो, आणि यळकोट यळकोट म्हणत चारी बाजूंनी भंडारा आणि खोबरं उधळलं जातं. तारळी नदीचा काठ, देवळाची छपरं, बंदोबस्ताचे पोलीस, त्यांच्या गाड्या, म्हातारी माणसं, काखेतली पोरं, एकूणएक पिवळं. घरी आल्यावर चार दिवस नाकातून पिवळं येतं. ‘‘आन् त्ये बी जानेवारीतच,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुमचं ह्ये ढवळं, आमचं त्ये पिवळं.’’ जावई म्हणाला, पण तिथे घसरायला मिळत नाही. आत्या म्हणाली, ‘‘तू चल तर खरं.’’

आमचा मुक्काम रिसॉर्टमध्ये नव्हता, गावातल्या एका घरगुती खाणावळवजा मुक्कामघरात होता. मालक सत्तरीतले. पहाटे अंधारात छपरावर खर्र खर्र आवाज आला म्हणून खिडकी उघडली, तर हेल्मेट घालून, कमरेला दोर बांधून, रुंद फावड्याने ते बर्फ खाली लोटत होते. आम्ही ज्याच्यासाठी तिकीट काढून आलो, ते त्यांना दर पहाटे उपसावं लागतं. न काढलं तर ओझ्याने घर खचतं. दर हिवाळ्यात हे काम करताना पडून, दबून जपानात माणसं मरतात. त्यांत म्हातारीच जास्त, कारण तरुण मंडळी टोकियोत असतात. भाचीने त्यांना विचारलं, आजोबा, तुम्ही स्की करता का? ते हसून म्हणाले, लहानपणी शाळेत स्कीवरून जायचो, आता कुणाला वेळ आहे!

ठोसेघरच्या माणसाला धबधबा बघायला जातोस का म्हणून विचारा, हेच उत्तर येईल. शेजारच्या शिओझावा गावच्या सुझुकी बोकुशी या व्यापाऱ्याने १८३७ मध्ये ‘होकुएत्सु सेप्पु’ हे पुस्तक छापलं. बर्फाच्या कणांच्या आकृत्यांपासून ते बर्फात अडकलेल्या माणसांच्या गोष्टींपर्यंत सगळं त्यात आहे, आणि सुरुवातीलाच तक्रार आहे ती हीच. जिथे बर्फ बोटभर पडतो तिथले लोक तो बघत दारू पितात, कविता करतात. आमच्याकडे तो घर गिळतो, त्यात कसली आलीय मौज. मला हे वाचून जावळी-पाटणातले सगळे मामा-काका आठवले. मे संपता संपता महाबळेश्वरात घरं-बंगले गवताने झाकून घेतात, तशी इथे हिवाळ्यापूर्वी घरांना फळ्या ठोकतात. आणि शेती बंद पडली की पूर्वी इथले पुरुष हिवाळाभर बाहेरगावी मजुरीला जायचे, कुणी दारूच्या भट्ट्यांवर, कुणी टोकियोत इमारतींवर. आमच्याकडचे मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेले, माथाडी झाले, आणि गावात म्हातारी, बायका आणि पाऊस राहिला. मग इथे पर्यटक आले, घराघरांत खोल्या भाड्याने निघाल्या. तापोळा-बामणोलीच्या बोटी आणि कासच्या वाटेवरची पिठलं-भाकरी ही त्याच रस्त्यावरची आमची पावलं.

या मुलखात बर्फ किती पडला हे विचारायची रीत बघून मला सासरची आठवण आली. शेजारच्या नागानो प्रांतात मोरी-मियानोहारा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे एक उंच खांब उभारलाय, आणि त्यावर खूण आहे : १२ फेब्रुवारी १९४५, ७.८५ मीटर. त्या दिवशी स्टेशनात एवढा बर्फ साठला होता. आमच्याकडे कृष्णेवर आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘किती फूट?’ विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ज्यांच्या घरात ते शिरलं त्यांनी भिंतीवर आपापली रेघ मारून ठेवली आहे. पाहुणे आले की रेघ दाखवतात, चहा नंतर.

युझावाच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी आत्या ओरडली, ‘‘आगं बया, पायपं फुटली!’’ रस्त्याच्या मधोमध ठराविक अंतरावर भोकं, आणि त्यांतून पाण्याची बारीक कारंजी उडत होती. पाणी चाकांखालून वाहतंय आणि कुणाला पर्वा नाही. आमच्याकडे हे दृश्य दिसलं की दोन दिवसांनी खड्डा खणतात आणि दोन महिन्यांनी बुजवतात. इथे ते मुद्दाम केलेलं होतं. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही वरच्या हवेच्या मानाने उबदार असतं, ते फवारलं की बर्फ रस्त्यावर ठरत नाही. पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस होतात एवढंच. ही युक्ती जवळच्या नागाओका शहरात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यावर उतरली, आणि तिचे जनक म्हणून नाव घेतात ते इमाई योसाबुरो यांचं. हे इंजिनियर नव्हेत. ‘काकी नो ताने’ नावाचा, तांदळाचा तिखट, कुरकुरीत, बीच्या आकाराचा खाऊ निघाला तो यांच्या कारखान्यातून, १९२४ च्या सुमारास. हल्ली तो शेंगदाणे घालून विकतात. मी चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले तर सांगलीत होते. लसणाची तेवढी उणीव. म्हणजे रस्त्याचा प्रश्न सोडवला तो त्यांच्या भडंगवाल्याने. सांगलीत पुराच्या इतक्या समित्या झाल्या, एखादीवर भडंगवाला घेऊन बघायला काय हरकत आहे?

वितळलेल्या बर्फाचं पुढे काय होतं तेही ऐकण्यासारखं. उओनो नदीतून ते शिनानोत जातं. त्यावर उओनुमाचा कोशिहिकारी तांदूळ पिकतो, ज्याचा साधा गार भात आत्याने चटणीबरोबर खाल्ला आणि ‘‘आंबेमोहोराच्या जवळ जातोय’’ असं प्रमाणपत्र दिलं. तिच्याकडून याहून मोठं मिळत नाही. शिनानोवर रेल्वेची स्वतःची वीजकेंद्रं आहेत, टोकियोच्या लोकल गाड्या धावतात त्यांत त्या विजेचा वाटा आहे. कोयनेच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, त्यातलाच प्रकार. बर्फ उपसणारा एक आणि लोकलमध्ये हीटरवर पाय शेकणारा दुसरा. दोघांची ओळख होत नाही.

संध्याकाळी ओन्सेन. कोकणात राजापूरला, उन्हवऱ्याला, तुरळला गरम पाण्याचे झरे आहेत, तेव्हा पाणी नवं नव्हतं. रीत नवी होती. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत जायचं ते एकही कपडा न घालता. मी दारातच घुटमळले. आत्याला विचारलं, तर म्हणाली, ‘‘समद्या बायकाच हायत न्हवं?’’ आणि निऱ्या सोडायलाही लागली. अडचण निघाली ती भलतीच. भिंतीवर पाटी होती, आणि पाटीवर काट मारलेलं गोंदणाचं चित्र. जपानात अंगभर गोंदवून घेतात ते याकुझा, म्हणजे तिथले गुंड. म्हणून पुष्कळ स्नानगृहांत गोंदणवाल्यांना मज्जाव. आणि आमच्या आत्याच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, रामाचा पाळणा, सीतेची पावलं, कपाळावर हिरवा ठिपका आणि हनुवटीवर आणखी एक. पाटीचा अर्थ कळल्यावर तिने एकच विचारलं : ‘‘गुंड म्हंजी मी?’’

काउंटरवरची बाईही साठीपुढचीच. ती बाहेर आली, चष्मा वर केला आणि तिने आत्याचा हात हातात घेऊन नीट पाहिला. कुणी काढलं? जत्रेत, गोंदणारणीने, सात-आठ वर्षांची असताना. दुखलं? ‘‘रडले की. पन मेल्यावर बरोबर येतंय तेवढंच, बाकी समदं हितंच.’’ हे भाचीने कसंबसं जपानीत सांगितलं. बाई गप्प झाली. जपानलाही हे अगदी परकं नाही. ओकिनावात बायकांचे हात गोंदवायची रीत होती, सरकारने १८९९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. होक्काइदोतल्या ऐनू बायका ओठांभोवती गोंदवत. त्याच होक्काइदोत २०१३ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना, चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे, एका स्नानगृहाने आत घेतलं नव्हतं. त्यावर बरीच ओरड झाली. आमच्या बाईने मधला मार्ग काढला. कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणल्या. कातडी जपानी होती. आत्याच्या सावळ्या हातावर त्या लांबूनही चकाकत होत्या. आधी जे कुणाला दिसलं नसतं ते आता सगळ्यांना दिसायला लागलं. कपाळावरच्या ठिपक्याकडे बाईने बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि पट्टी खिशात टाकली.

बाहेरच्या कुंडात मानेपर्यंत कढत पाणी, डोक्यावर घडी केलेला टॉवेल आणि वरून भुरभुरता बर्फ. पाच मिनिटांत सीतेची पावलं पट्टीतून सुटून वर आली. शेजारच्या दोन आज्यांनी वाकून पाहिलं, त्यांच्यात काहीतरी बोलणं झालं, आणि त्यांतली एक आत्याजवळ सरकून आपला हात पुढे करून मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग दाखवू लागली. आत्याने तो तपासला. दोघी पुढे अर्धा तास बोलत होत्या, ही मराठीत आणि ती जपानीत. भाषांतराला कुणी बोलावलं नाही.

निघताना स्टेशनात खाऊच्या दुकानांची रांग. तिथे प्रत्येक गावाचा आपला खाऊ असतो आणि गावाला गेलेल्या माणसाने तो कचेरीत नेऊन वाटायचाच, असा दंडक आहे. जावई आम्हाला ही जपानी संस्कृती कौतुकाने समजावून सांगत होता. सातारच्या स्टँडवरून पेढ्यांचा पुडा न घेता गेलेला माणूस घरी कसा घेतात, ते त्याला ठाऊक नसावं. आत्याने उरलेले कंदी पेढे मुक्कामघराच्या मालकीणबाईंच्या हातात ठेवले आणि बरोबर भंडाऱ्याची अर्धी पुडीही. तोंडाला लावायचं नाही, कपाळाला लावायचं, हे खुणेने तीन-तीनदा सांगितलं. बाईंनी विचारलं, तुमच्याकडच्या या पिवळ्याचा मोसम कधी? भाची म्हणाली, जानेवारी. बाई म्हणाल्या, मग आम्हाला यायला जमायचं नाही, तेव्हा आमच्याकडे गिऱ्हाईक असतं.

तुम्हाला मात्र जमेल. युझावाला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा, बूट भाड्याचेच घ्या. तेवढं बजेट नसेल तर पौषात पालीला या. सातारा-कराड रस्त्यावरून आत वळायचं. गर्दी अफाट असते, पोरांचे हात सोडू नका, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि दम्याचा त्रास असेल तर लांबूनच हात जोडा. यात्रेत स्वस्तात मिळणारी झगझगीत पिवळी पावडर घेऊ नका, ती डोळ्यांना झोंबते. भंडारा घरूनच न्या, आणि हळद सांगलीची असू द्या.